मांजर घेऊन घर बदलताय? गाडीतले दोन तास सोपे, खरी अडचण त्याच्या आधी आणि नंतर

कर्जत ही मुंबईकरांसाठी कित्येक वर्षं वडा खायची जागा होती. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढण्यासाठी इथे जादा इंजिन लागतं. तेवढ्या वेळात खाली उतरायचं, वडा घ्यायचा आणि परत डब्यात. आता मात्र लोक सामानसुमान घेऊन इथे उतरतायत. सीएसएमटीपासून रेल्वेने शंभर किलोमीटरवर असलेलं कर्जत, त्याच्या अलीकडचं नेरळ, शेजारच्या खालापूर तालुक्यातला चौक ते खोपोलीचा पट्टा, सगळीकडे नव्या इमारती उभ्या आहेत. कुणाला कमी भाड्यात मोठं घर हवंय, कुणी रिटायर झालंय, कुणाला आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जायचंय.

आणि या लोकांसोबत त्यांची मांजरंही येतायत. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, जमिनीवर कधी पाऊल न ठेवलेली, रिक्षाच्या आवाजानेही पलंगाखाली जाणारी मांजरं.

मांजराला नेणार कसं, असं विचारलं की लोक गाडीबद्दल बोलायला लागतात. ओरडेल का, उलटी करेल का, एसी सहन होईल का? प्रश्न बरोबर आहेत, पण डोंबिवली ते कर्जत हा दोन तासांचा प्रवास बहुतेक मांजरं ओरडत का होईना, पार पाडतात. मांजर हरवतं ते सामान भरताना उघड्या दारातून किंवा नव्या घराच्या खिडकीतून. आणि आजारी पडतं ते पोहोचल्यानंतरच्या आठवड्यात.

मांजराला घर म्हणजे काय वाटतं?

आपल्याकडे म्हणतात, कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर घराला. ही नुसती म्हण नाही, त्यामागे शरीरशास्त्र आहे. मांजर सोफ्याच्या कोपऱ्याला, दाराच्या चौकटीला, तुमच्या पोटरीला गाल घासतं तेव्हा ते फक्त लाडात आलेलं नसतं. त्याच्या गालांजवळ ग्रंथी असतात आणि त्यातून निघणारा वास ते त्या वस्तूंना लावत असतं. आपल्या नाकाला तो कळतही नाही. मांजरासाठी मात्र तो वास म्हणजे ‘ही जागा ओळखीची आहे, इथे धोका नाही’ अशी खूण. रोज थोडं थोडं घासून त्याने घराचा एक अख्खा नकाशा तयार केलेला असतो आणि शिफ्टिंगच्या दिवशी तो एका फटक्यात गायब होतो.

आता कुणी म्हणेल, मांजर तर स्वतःच पिल्लांना सात घरं फिरवते, मग तिला जागा बदलायचं एवढं काय? पण भाटी पिल्लं हलवते तेव्हा नवी जागा तिने आधी जाऊन हुंगलेली असते, कोपरा निवडलेला असतो. इथे तिला कुणी विचारलेलंच नसतं.

यावरून पहिली गोष्ट ठरते. नवीन घरात सगळं स्वच्छ न्यायचं म्हणून आपण चादरी, गाद्यांची कव्हरं, मांजराचं अंथरूण असं सगळं धुवून काढतो. बाकीचं धुवा, पण मांजराचं अंथरूण, खाजवायची फळी आणि तुमचा एखादा जुना टी-शर्ट आहे तसाच न्या. घाणेरडा दिसला तरी चालेल. नव्या घरात त्याच्या ओळखीचं तेवढंच असणार आहे.

पिशवी, खोका की पिंजरा?

पिंजराच. प्लॅस्टिकचा, कडक बाजूंचा, शक्यतो वरूनही उघडणारा. आत मांजर उभं राहून वळू शकलं पाहिजे, पण फार मोठाही नको. नाहीतर वळणावर ते आत घरंगळत राहतं. पुठ्ठ्याचा खोका घाबरलेलं मांजर काही मिनिटांत फाडतं, आणि त्यात मुतलं तर तळच सुटतो. भाजीच्या पिशवीत किंवा ओढणीत गुंडाळून मांडीवर घ्यायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. गाडीत सुटलेलं मांजर हमखास ब्रेकच्या पायाखाली शिरतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२५ सांगतं की चालकाच्या गाडीवरच्या ताब्यात अडथळा येईल अशा प्रकारे गाडीत कुणाला बसवू नये आणि काही ठेवू नये. मांजर त्यातच आलं.

पिंजरा आदल्या दिवशी आणून उपयोग नाही. बहुतेक घरांत तो माळ्यावर असतो आणि फक्त डॉक्टरकडे जायच्या दिवशी खाली येतो. मग मांजर त्याला बघताच पळणार नाही तर काय? निघायच्या किमान दोन-तीन आठवडे आधी पिंजरा हॉलमध्ये ठेवा, दार उघडं, आत ते जुनं अंथरूण. जेवण आधी त्याच्याजवळ, मग दाराशी, मग आत. मांजर स्वतःहून आत झोपायला लागलं की अर्धं काम झालं. नंतर दार लावून पाच मिनिटं, मग पिंजरा उचलून जिन्यापर्यंत, मग गाडीत बसवून सोसायटीला एक चक्कर.

सामान भरायचा दिवस

सगळ्यात धोक्याचा दिवस हाच. दार सताड उघडं, चार अनोळखी माणसं कपाट उचलतायत, सेलोटेपचा कर्रकर्र आवाज. मांजर एकतर दारातून सटकतं किंवा अशा ठिकाणी लपतं की ते घरात आहे हेच कळत नाही. बॉक्स बेडच्या आत, वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये, सोफ्याच्या खालचं कापड फाडून आतल्या स्प्रिंगांत. तो सोफा छोटा हत्तीत चढतो आणि निघतो.

यावर उपाय साधा आहे. पॅकिंगवाले यायच्या आधीच मांजराला बाथरूममध्ये किंवा आधीच रिकाम्या केलेल्या एका खोलीत ठेवा. आत पाणी, लिटरचा ट्रे, उघडा पिंजरा. बाहेरून कडी, आणि दारावर मोठ्या अक्षरात कागद: ‘आत मांजर आहे, उघडू नये’. हा कागद हमालांपेक्षा घरातल्या काका-मावश्यांसाठी जास्त लागतो. मदतीला आलेले नातेवाईकच सहज दार उघडतात. टेम्पो निघून गेला, बाहेरचं दार बंद झालं, की मग शांतपणे मांजराला पिंजऱ्यात घ्यायचं. मांजर शेवटी निघतं आणि टेम्पोतून कधीच जात नाही, ते माणसांसोबत गाडीत जातं.

प्रवासाआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी चालेल. रिकाम्या पोटी मळमळ कमी होते.

रस्ता कोणता, वेळ कोणती?

मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांसमोर दोन पर्याय असतात: कल्याण-बदलापूर-नेरळ करत कर्जत, किंवा पनवेलहून जुन्या हायवेने चौकपर्यंत आणि तिथून आत वळून कर्जत. दोन्हीकडे मोठा घाट नाही. पुण्याहून येणाऱ्यांना मात्र बोरघाट उतरावा लागतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर, खोपोली जेमतेम ६० मीटरवर. म्हणजे थोड्या अंतरात साडेपाचशे मीटर खाली आणि तेही वळणं घेत. गाडी लागणारं मांजर इथेच हैराण होतं. तोंडातून लाळ गळायला लागली, सारखं ओठ चाटायला लागलं की समजायचं, मळमळतंय. अशा वेळी पिंजऱ्यावर पातळ सुती कापड टाका म्हणजे बाहेरची पळती झाडं दिसत नाहीत. हवा जायला एक बाजू मात्र उघडी ठेवा. गाडी हळू आणि एका वेगाने.

पिंजरा ठेवायची चांगली जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवतो तिथे, खाली. तिथे तो हलत नाही आणि ऊनही लागत नाही. डिकीत ठेवू नका. गाणी बंद किंवा हळू. मांजर ओरडत असेल तर त्याच्याशी नेहमीच्या आवाजात बोला. आणि कितीही केविलवाणं ओरडलं तरी वाटेत पिंजरा उघडायचा नाही, एक्सप्रेसवेच्या कडेला थांबून तर अजिबात नाही.

वार निवडताना शनिवार-रविवार टाळा, विशेषतः पावसाळ्यात. भिवपुरीजवळचा आषाणे धबधबा, खोपोलीचा झेनिथ, वर लोणावळा, सगळीकडे जाणारी गर्दी याच रस्त्यांवर असते. दीड तासाचा रस्ता चार तासांचा होतो आणि मांजर तेवढा वेळ बंद पिंजऱ्यात राहतं.

उन्हाळ्यात हलवायचं असेल तर पहाटे निघा. कर्जतचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीपुढे जातो. पण बंद गाडी तापायला एवढं ऊनही लागत नाही. बाहेर २९ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ४० आणि अर्ध्या तासात ४८ अंशांपर्यंत तापमान जातं. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही, हे २००५ साली अमेरिकेत झालेल्या मोजणीतही दिसलं होतं. म्हणून फूड मॉलला चहासाठी थांबलात तर एकाने गाडीत, चालू एसीमध्ये थांबायचं. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल तर गाडी गार करा, पंजे आणि कान ओल्या फडक्याने पुसा आणि थेट जनावरांच्या डॉक्टरकडे वळा. कुत्र्याच्या बाबतीत धापा टाकणं नेहमीचं असतं, मांजराच्या बाबतीत नसतं.

गुंगीचं औषध द्यायचं का?

फार घाबरणाऱ्या मांजरासाठी आता चांगली औषधं आहेत. गॅबापेंटिनवर अमेरिकेत २० मांजरांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निघण्याच्या दीड तास आधी दिलेल्या एका डोसने प्रवासातला ताण कमी झाल्याचं त्यात दिसलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या औषध नियामकांनी प्रेगाबालिनच्या एका तोंडी औषधाला खास मांजरांच्या प्रवासाच्या आणि दवाखान्याच्या भीतीसाठी मंजुरी दिली. पण डोस वजनावर आणि किडनीच्या तब्येतीवर ठरतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच, आणि आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघितल्यानंतरच.

माणसांच्या कपाटातली गोळी मात्र नकोच. आणि पॅरासिटामॉल तर अजिबात नको, कोणत्याही ब्रँडची. ती पचवून बाहेर टाकायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरात जवळपास नसतेच. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

असाच दुसरा धोका नव्या घराच्या साफसफाईत असतो. घर ताब्यात आलं की आपण काय करतो? पेस्ट कंट्रोल करतो, फिनेलने फरशी पुसतो, कपाटात डांबराच्या गोळ्या टाकतो. मांजर फरशीवर चालतं आणि पंजे चाटतं. त्याच यकृताच्या अडचणीमुळे फिनॉल असलेलं फिनेल त्याला विषारी ठरतं. डांबराच्या गोळ्याही तशाच. परमेथ्रिनसारखी कीटकनाशकं मांजराच्या नसांवर जातात. पेस्ट कंट्रोल मांजर यायच्या आधीच उरकून घ्या, खिडक्या उघड्या ठेवून घर चांगलं हवेशीर होऊ द्या, आणि मग साध्या साबणाच्या पाण्याने फरशी पुसून काढा. खोलीत मांजर असताना पूजेचा धूप आणि धूर शक्यतो दुसऱ्या खोलीत.

एक खोली, एक खोका

नवं घर मोठं आहे म्हणून मांजराला सगळं घर एकदम दाखवायची घाई करू नका. सुरुवातीला एकच खोली. जेवण एका कोपऱ्यात, लिटर समोरच्या कोपऱ्यात, जुनं अंथरूण, आणि लपायला एक खोका. हो, साधा पुठ्ठ्याचा खोका. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये निवारा केंद्रात नव्याने आलेल्या १९ मांजरांवर हे तपासलं. दहा मांजरांना लपायला खोका दिला, नऊंना दिला नाही. पहिल्या काही दिवसांत खोकेवाली मांजरं बरीच लवकर सावरली. तेव्हा ती लपली तर ओढून बाहेर काढू नका. तेच त्यांचं सावरणं आहे.

पण दोन गोष्टींवर मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. एक, खाणं. मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही, आणि त्यातून ते जाडजूड असेल, तर शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते आणि ते जिवावर बेततं. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराला लागू होत नाही.

दुसरी आणखी गंभीर: बोक्याची लघवी. घर बदलल्याच्या ताणाने मूत्राशयाला सूज येणं मांजरांत नवीन नाही. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्यामुळे ती पूर्ण बंद होऊ शकते. तो सारखा लिटरमध्ये जातो, जोर करतो, ओरडतो, तिथेच चाटत बसतो, पण थेंबही येत नाही. घरच्यांना वाटतं पोट साफ होत नाहीये, मग कुणी तूप देतं, कुणी दूध. तोवर शरीरात विषारी द्रव्यं साठत जातात आणि एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. त्याला लगेच नळी घालावी लागते.

आता इथे कर्जत-खालापूरचा प्रश्न येतो. तालुक्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचं मुख्य काम गाई-म्हशी आणि शेळ्या. १९६२ या टोल फ्री नंबरची फिरती गाडीही प्रामुख्याने त्यांच्यासाठीच. मांजराला रात्री दहा वाजता नळी घालून देणारा डॉक्टर शहरात जसा दोन चौकांवर मिळतो, तसा इथे मिळेलच असं नाही. बदलापूर, पनवेल किंवा त्याही पुढे जावं लागू शकतं. घर बघायला येता तेव्हा पाणी, लाईट, स्टेशनपासूनचं अंतर विचारता ना, तेव्हाच मांजरावर उपचार करणारा जवळचा डॉक्टर कोण, रात्री कुठे जायचं, हेही विचारून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. लसी, त्यातही रेबीजची, जुन्या डॉक्टरकडूनच घेऊन निघा आणि कागद जवळ ठेवा.

गावात आलोय, मग आता मोकळं सोडू?

हा मोह सगळ्यांना होतो. पुढे अंगण आहे, मागे भातशेती, मांजराने जरा हिंडावं. माझं मत विचाराल तर सोडू नका, निदान पहिले तीन-चार आठवडे तर नाहीच. फ्लॅटमधल्या मांजराला कुत्रा म्हणजे काय हे माहीत नसतं. इथल्या शेताच्या बांधांवर नाग, घोणस, मण्यार, फुरसं असे चारही विषारी साप आहेत आणि सरपटणाऱ्या गोष्टीवर पंजा मारायची मांजराला खोडच असते. भातासाठी ठेवलेलं उंदरांचं औषध हा वेगळाच धोका. झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की विष त्याच्याही पोटात जातं. शिवाय पाखरांचाही विचार करायला हवा, जंगल इथे घराला लागून आहे.

घर आत यायच्या आधीच तपासा. बंगल्याच्या खिडक्यांना ग्रिल असतं, पण दोन गजांमधून मांजर आरामात निघतं, त्याला जाळी लागते. कौलारू घर असेल तर भिंत आणि छप्पर यांच्यामधली फट बघा. मोरीचं भोक बघा.

आणि कुणी कर्जत तालुक्यातच, पण माथेरानला राहायला जात असेल तर गाडीचा विषय दस्तुरी नाक्यावर संपतो. पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे. अमन लॉजहून मिनी ट्रेन, नाहीतर चालत. पिंजऱ्याला घट्ट कडी हवी आणि त्यावर कापड हवंच, कारण वाटेत माकडं पिंजऱ्यावर झडप घालू शकतात.

‘त्याला इथेच सोडून जाऊ’

नवा घरमालक नाही म्हणाला, प्रवासाची भीती वाटली, की हा पर्याय पुढे येतो. सोसायटीतले लोक घालतील की खायला. पूर्वी नको असलेलं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचे, त्यातलाच हा प्रकार. पण आयुष्यभर घरात राहिलेलं मांजर खाली सोडलं तर त्याला तिथल्या बोक्यांशी भांडता येत नाही, अन्न शोधता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, कलम ११ खाली, उपासमार होईल अशा परिस्थितीत पाळीव प्राण्याला सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? १० ते ५० रुपये. साठ वर्षांहून जास्त काळ हाच आकडा आहे. एका वड्यापावाचे पैसे. नेणं शक्यच नसेल तर निघायच्या दोन महिने आधीपासून ओळखीचं घर शोधायला लागा, दोन दिवस आधी नव्हे. आणि नव्या घराच्या भाडेकरारात मांजराचा उल्लेख सही करायच्या आधीच करून घ्या.

आणि तरीही सटकलं तर?

मांजर दिसत नाही म्हटल्यावर लोक बाईक काढून दोन-तीन किलोमीटर फिरून येतात. शोधायचं असतं ते घराजवळ. हरवलेल्या १,२१० मांजरांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली ६१ टक्के मांजरं वर्षभरात सापडली, ३४ टक्के पहिल्या सात दिवसांतच. आणि सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के हरवल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. फक्त घरात राहणारी मांजरं तर आणखी जवळ असतात. ती लांब पळत नाहीत, घाबरून जवळच्या पहिल्या आडोशाला शिरतात आणि हाका मारल्या तरी आवाज काढत नाहीत.

म्हणून आधी स्वतःची इमारत: जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, पार्क केलेल्या गाड्यांच्या खाली आणि बॉनेटमध्ये, पाण्याच्या टाकीमागे. मग शेजाऱ्यांची पडवी, लाकडांचा ढीग, गोठा. शेजाऱ्यांना नुसतं विचारू नका, परवानगी घेऊन स्वतः वाकून बघा. रात्री अकरानंतर, रहदारी थांबल्यावर, टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून सावकाश फिरवा, मांजराचे डोळे उजेडात चमकतात. त्याच्या नेहमीच्या खाण्याचा डबा वाजवा. दाराबाहेर तुमचा न धुतलेला टी-शर्ट आणि त्याचा खोका ठेवा. खाणं उघड्यावर ठेवलंत तर आधी कुत्री येतील, तेव्हा ते तुम्ही समोर बसलेले असतानाच. आणि घर जवळच बदललं असेल, म्हणजे दहिवलीतून भिसेगावात किंवा खोपोलीतल्या खोपोलीत, तर जुन्या शेजाऱ्यांना आजच फोन करून ठेवा. मांजर तिकडे जाऊन जुन्या दाराशी बसलेलं असू शकतं.